पुराची तक्रार घेऊन कमिशनर्स कोर्टात जायचंय? हॅरिस काउंटीतल्या मराठी घरांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

हार्वे चक्रीवादळ टेक्ससच्या किनाऱ्याला लागलं ते २५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री, म्हणजे नेमकं गणेश चतुर्थीला, आणि पुढच्या चार दिवसांत एकट्या हॅरिस काउंटीत (ह्यूस्टन आणि आजूबाजूचा जिल्हाच म्हणा) दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं. त्यातली साधारण दोन तृतीयांश घरं शंभर वर्षांच्या पूररेषेच्या बाहेरची होती, म्हणजे ज्यांना घर घेताना "इथे पूर येत नाही" असं सांगितलं गेलं ती. बरोबर एका वर्षाने, २५ ऑगस्ट २०१८ ला, काउंटीने पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरच्या बाँडवर, म्हणजे कर्जरोख्यांवर, मतदान घेतलं आणि सुमारे ८५ टक्के लोकांनी हो म्हटलं.

आता आपल्यातले बरेच जण एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, नाहीतर ग्रीन कार्डवर, मत कुठून असणार. पण त्या मतदानाआधी काउंटीने एकेका पाणलोटाच्या भागात लोकांच्या मीटिंगा घेतल्या होत्या, कुठला नाला रुंद करायचा, कुठे डिटेन्शन पाँड (पावसाचं पाणी अडवून धरणारं तळं) खणायचा यावर लोकांचं ऐकून यादीत भर घातली, आणि तिथे बोलायला सिटिझनशिप लागत नव्हती. काउंटीच्या कमिशनर्स कोर्टात, म्हणजे काउंटीचा कारभार ठरवणाऱ्या मंडळासमोर, बोलायलाही लागत नाही. तुम्ही तिथे राहता आणि पाणी तुमच्या दारात येतं एवढं पुरे. हे माहीत नसल्यामुळे आपले लोक व्हॉट्सॅप ग्रुपवर रात्री दोनपर्यंत काउंटीला शिव्या घालतात आणि सकाळी ऑफिसला जातात.

मी गेली काही वर्षं या मीटिंगा बघत आलेय, कधी प्रत्यक्ष, जास्त करून रेकॉर्डिंग. जे लोक जातात त्यातलेही बरेच फुकट जातात असं माझं स्पष्ट मत आहे. पोटतिडकीने बोलतात, खरं बोलतात, पण चुकीच्या दारात, चुकीच्या दिवशी, आणि नक्की काय हवंय ते न सांगता. बोलणं हा या सगळ्यातला सगळ्यात छोटा भाग आहे, खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं. म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

पहिलं काम: हे नक्की कोणाचं दार आहे?

हे सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि इथेच निम्मी लढाई जिंकता किंवा हरता, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

हॅरिस काउंटी २०२० च्या जनगणनेप्रमाणे ४७ लाख लोकांची आहे, आणि त्यातले साधारण २० लाख कुठल्याच शहरात राहत नाहीत. पत्त्यावर ह्यूस्टन लिहिलेलं असतं, पोस्ट येतं, पण महापालिका लागू नाही. सायप्रस, स्प्रिंग, केटीच्या आजूबाजूच्या नव्या नव्या सबडिव्हिजन्स, जिथे आपली वस्ती जास्त, त्यातला मोठा भाग असाच आहे. अशा ठिकाणी रस्ता, शेरीफ, बांधकामाचं परमिट हे काउंटीकडे. ह्यूस्टन शहराच्या हद्दीत असाल तर ३११ ला फोन आणि सिटी कौन्सिल, काउंटी नाही. आणि केटी तर तीन काउंट्यांत विभागलंय, हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर, त्यामुळे "आम्ही केटीचे" म्हणून काहीच कळत नाही.

तुम्ही कुठे मोडता हे बघायची सोपी युक्ती म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स. हॅरिसच्या अप्रेजल डिस्ट्रिक्टच्या साईटवर स्वतःचा पत्ता टाका, तुमच्याकडून कोण कोण टॅक्स घेतं त्याची यादी दिसते. त्यात सिटी ऑफ ह्यूस्टन असेल तर तुम्ही शहरात. नसेल आणि त्याऐवजी मड नंबर अमुक असेल, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, तर तुमचं पिण्याचं पाणी, गटार, बऱ्याचदा कचरा आणि सबडिव्हिजनमधलं तळं हे त्या मडच्या अखत्यारीत. मडला पाच जणांचं बोर्ड असतं, त्यांच्या मीटिंगाही कायद्याने खुल्या, फक्त त्या कधीकधी भर दुपारी वकिलाच्या ऑफिसात असतात आणि कोणी फिरकत नाही. तुमच्या कॉलनीच्या मागचं डिटेन्शन पाँड गाळाने भरलंय ही तक्रार घेऊन तुम्ही डाउनटाऊनला काउंटीकडे गेलात तर ते नम्रपणे सांगतील की हे आमचं नाही, आणि ते खरं असेल.

मोठे नाले आणि बायू (इथले संथ ओढे) हे मात्र हॅरिस काउंटी फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्टचे. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर १९३७ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळाने हा डिस्ट्रिक्ट काढला आणि तो चालवतं कमिशनर्स कोर्टच. त्यांच्या प्रत्येक नाल्याला नंबर असतो, सायप्रस क्रीक म्हणजे के१००-००-००, ब्रेज बायू डी१००-००-००, आणि त्यांना येऊन मिळणाऱ्या ओढ्यांचे नंबर त्याच धर्तीवर. तुमच्या घरामागच्या नाल्याचा नंबर नकाशात शोधून लिहून ठेवा. "आमच्या घरामागचा नाला" म्हटलं तर कुणालाच काही कळत नाही, नंबर सांगितला की इंजिनियर मान वर करून बघतो.

अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही दोन धरणं काउंटीची नाहीत, ती अमेरिकन सैन्याच्या इंजिनियरांच्या कोअरची, १९४० च्या दशकात बांधलेली. हार्वेत २८ ऑगस्टला तिथून पाणी सोडलं आणि बफेलो बायूकाठची घरं बुडाली, तर धरणाच्या वरच्या बाजूची घरं धरणाच्याच फुगवट्याने बुडाली. वरच्या बाजूच्या घरमालकांच्या केसमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये फेडरल क्लेम्सच्या कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं. तो सगळा मामला केंद्राचा, त्यासाठी तुमच्या काँग्रेसच्या खासदाराचं ऑफिस गाठा. एफएम १९६०, एफएम ५२९, हायवे ६ हे रस्ते राज्याच्या टेक्सडॉटचे. वीज गेली, बेरिल चक्रीवादळाच्या वेळी जुलै २०२४ मध्ये गेली तशी, वीस लाखांवर कनेक्शनं बंद, तर वायर सेंटरपॉइंट कंपनीची आणि तिच्यावर देखरेख ऑस्टिनच्या पब्लिक युटिलिटी कमिशनची.

इतकं सगळं वाचून डोकं फिरलं असेल तर साहजिक आहे. पण एक वही घ्या आणि एका पानावर लिहा: माझं प्रिसिंक्ट कुठलं (काउंटीत चार आहेत, प्रत्येकाचा एक कमिशनर), माझा मड कुठला, माझ्या नाल्याचा नंबर काय, माझा रस्ता कोणाचा. हे पान एकदा झालं की वर्षानुवर्षं चालतं, आणि शेजाऱ्यालाही देता येतं.

पाणी ओसरल्यावर लगेच: कागद

आपल्याकडे सांगली-कोल्हापूरला पूर आला की तलाठी येऊन पंचनामा करतो, उशिरा का होईना. इथे तसा कोणी दारात येईल म्हणून बसून राहू नका, पंचनामा तुमचा तुम्हीच करायचा. भिंतीवरचं पाणी कुठपर्यंत आलं ती रेघ मोजपट्टी धरून फोटोत घ्या, फ्रीज, वॉशर, एसी यांच्या मॉडेल नंबरच्या पट्ट्यांचे फोटो घ्या, आणि भिंतींचं ओलं शीटरॉक (जिप्समचे पत्रे) रस्त्यावर टाकायच्या आधी हे सगळं करा. नंतर काहीच उरत नाही दाखवायला.

मग राज्याच्या आपत्ती विभागाचा ऑनलाईन नुकसान-सर्व्हे भरा, त्याला आयस्टॅट म्हणतात. हा फॉर्म भरून पैसे मिळत नाहीत म्हणून लोक सोडून देतात, पण काउंटीत किती घरांचं किती नुकसान झालं हे त्यातूनच मोजलं जातं आणि केंद्राची मदत मागायची की नाही हे त्या आकड्यावर ठरतं. उदाहरणच द्यायचं तर एसबीएच्या, म्हणजे केंद्राच्या लघुउद्योग खात्याच्या, आपत्ती कर्जांसाठी काउंटीत किमान २५ घरं किंवा धंदे असे लागतात की ज्यांचं विम्याबाहेरचं नुकसान ४० टक्के किंवा जास्त आहे. छोट्या पुरात तुमच्या गल्लीने फॉर्म भरले नाहीत म्हणून अख्ख्या काउंटीचा आकडा कमी पडू शकतो. पुढे कमिशनरसमोर उभं राहून "आमच्याकडे खूप नुकसान झालं" म्हणाल तेव्हा तो पहिले हाच आकडा बघणार आहे.

केंद्राने आपत्ती जाहीर केली तर फेमाचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती विभागाचा, अर्ज, साधारण ६० दिवसांची मुदत असते. इथे आपल्या लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. एच-वन-बी वाल्याला स्वतःच्या नावावर फेमाची रोख मदत मिळत नाही हे बरोबर, पण घरात अमेरिकेत जन्मलेलं, सोशल सिक्युरिटी नंबर असलेलं अठरा वर्षांखालचं मूल राहत असेल तर आई-वडील त्याच्या वतीने कुटुंबासाठी अर्ज करू शकतात. ग्रीन कार्डवाले स्वतःच पात्र असतात. आणि नाही म्हणून पत्र आलं तरी ते शेवटचं नसतं, कितीतरी वेळा एखादा कागद, बहुतेक वेळा विमा कंपनीचं पत्र, कमी असतो एवढंच. अपीलला पत्राच्या तारखेपासून ६० दिवस.

काउंटीशी थेट संबंधित आणि फार कमी लोकांना माहीत असलेली एक गोष्ट म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सची तात्पुरती सूट. गव्हर्नरने आपत्ती जाहीर केलेल्या भागात घराचं नुकसान किमान १५ टक्के असेल तर त्या वर्षाच्या उरलेल्या काळासाठी घराच्या किमतीचा काही भाग टॅक्समधून वगळतात, नुकसानीच्या पायरीप्रमाणे १५, ३०, ६० किंवा १०० टक्के. अर्ज अप्रेजल डिस्ट्रिक्टकडे, गव्हर्नरच्या घोषणेपासून १०५ दिवसांच्या आत. ही सूट आपोआप मिळत नाही, आणि मुदत गेली की गेली.

आणि एक सावधगिरी. शहराबाहेरच्या भागात, पूररेषेच्या आत घर असेल तर दुरुस्तीलाही काउंटी इंजिनियरच्या ऑफिसचं परमिट लागतं. दुरुस्तीचा खर्च घराच्या, म्हणजे जमीन सोडून नुसत्या बांधकामाच्या, किमतीच्या ५० टक्के किंवा त्यावर गेला तर घर आत्ताच्या नियमाप्रमाणे उचलून घ्यावं लागू शकतं. काँट्रॅक्टर म्हणेल परमिटबिरमिट काही नको साहेब. त्याचं ऐकू नका.

अजेंडा वाचायला शिका

कमिशनर्स कोर्ट हे नावालाच कोर्ट, तिथे वकील-फिर्यादी कोणी नसतं. काउंटी जज आणि चार कमिशनर, पाच जणांचं मंडळ, आणि काउंटीचं बजेट, रस्ते, पूरनियंत्रण, सरकारी हॉस्पिटलांचा टॅक्स असल्या गोष्टी ते ठरवतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेसारखं समजा, फक्त सदस्य पाचच आणि खर्च डोळे फिरतील असा.

मीटिंगचा अजेंडा आधी जाहीर करणं टेक्ससच्या ओपन मीटिंग्ज कायद्याने बंधनकारक आहे. पूर्वी ७२ तास आधी होतं, सप्टेंबर २०२५ पासून तीन कामकाजाचे दिवस आधी झालं. त्यात कित्येकशे आयटम असतात आणि बहुतेक एका झटक्यात मंजूर होतात, कुणी चर्चाही करत नाही. तुमचा नाला त्याच गर्दीत लपलेला असतो, "अमुक चॅनलच्या डिझाईनसाठी अमुक कंपनीला काँट्रॅक्ट" असल्या एका ओळीत. म्हणून अख्खा वाचत बसू नका, पीडीएफमध्ये सर्च मारा: नाल्याचा नंबर, पाणलोटाचं नाव, प्रिसिंक्ट, आणि डिझास्टर रिकव्हरी हे शब्द.

आता कायद्यातला महत्त्वाचा भाग. अजेंड्यावरच्या कुठल्याही आयटमवर, त्याचा निर्णय व्हायच्या आधी किंवा होत असताना, सामान्य माणसाला बोलू द्यावंच लागतं, २०१९ पासून हे कायद्यात स्पष्ट आहे. वेळेची मर्यादा ते घालू शकतात, पण मंडळावर टीका करायला बंदी घालू शकत नाहीत. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, जर त्यांच्याकडे एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा नसेल तर. आई-बाबा इथे राहायला आलेत, पाणी त्यांच्याच खोलीत शिरलं आणि त्यांना मराठीतच नीट सांगता येतंय, तर त्यांना नेऊन मराठीत बोलू द्या, दुभाष्या लागणार हे नाव नोंदवतानाच कळवा. मला तरी वाटतं की एखाद्या आजीने मराठीत सांगितलेलं त्या पाच जणांच्या जास्त लक्षात राहील.

आणि जे अजेंड्यावर नाही त्याबद्दल बोललात तर काय होतं हेही समजून घ्या, कारण इथेच लोक दुखावून परत येतात. तुम्ही बोलता, समोरचे पाच जण शांत बसून राहतात, थँक यू म्हणतात, पुढचा. लोकांना वाटतं अपमान केला. खरं म्हणजे कायद्याने त्यांना अजेंड्याबाहेरच्या विषयावर चर्चाच करता येत नाही, फार तर माहितीपुरतं उत्तर देता येतं, चालू धोरण काय ते सांगता येतं, नाहीतर विषय पुढच्या अजेंड्यावर घेऊ असं म्हणता येतं. म्हणून अशा वेळी तुमची मागणी तीच असली पाहिजे: "हा विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्या." एवढंच मागा. यावर ते तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणू शकतात.

मीटिंगच्या आधी कमिशनरच्या ऑफिसला फोन

हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात जास्त चालतं. प्रत्येक प्रिसिंक्टच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी घेणारा स्टाफ असतो. मीटिंगच्या आठवडाभर आधी फोन करा, मग त्याच दिवशी ईमेल करा, त्यात वहीतलं ते पान, दोन-तीन फोटो आणि एक वाक्य: मी अमुक तारखेला अमुक आयटमवर बोलणार आहे. कितीतरी प्रश्न इथेच सुटतात, कारण मीटिंगमध्ये कोणी कॅमेऱ्यासमोर काही बोलायच्या आत खड्डा बुजवणं त्यांनाही सोयीचं असतं. सुटला नाही तरी कमिशनरच्या हातात तुमचा कागद आधीच गेलेला असतो, आणि तुम्ही बोलायला उभे राहता तेव्हा तो तुमचं नाव पहिल्यांदा ऐकत नसतो.

एक, फार तर दोन मिनिटांचं भाषण

नाव काउंटीच्या साईटवरच्या फॉर्मवर नोंदवायचं, आयटमचा नंबर लिहून. वेळ किती मिळेल हे बोलणाऱ्यांच्या संख्येवर आणि त्या दिवशीच्या नियमावर अवलंबून, म्हणून एका मिनिटाचं तयार करा आणि वेळ मिळाला तर वाढवा. साचा साधारण असा:

"नमस्कार. मी प्रिसिंक्ट अमुकमध्ये, अमुक सबडिव्हिजनमध्ये राहते. आयटम अमुकबद्दल बोलतेय, चॅनल के१०० ला मिळणाऱ्या अमुक नंबरच्या ओढ्याबद्दल. गेल्या दोन्ही मोठ्या पावसांत आमच्या रस्त्यावरच्या अमुक घरांत पाणी आलं, घरांची यादी आणि फोटो तुमच्या ऑफिसला अमुक तारखेला पाठवलेत. हे काम बाँडच्या यादीत आहे पण अजून डिझाईनवरच अडकलंय. माझी एकच विनंती: बांधकाम कधी सुरू होणार ती तारीख फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्टने पुढच्या मीटिंगमध्ये इथे सांगावी. धन्यवाद."

यात काय नाही ते बघा. सुरुवातीला "मी वीस वर्षं टॅक्स भरतोय" नाही, सगळेच भरतात. हवामानबदल नाही, बिल्डरांचा लोभ नाही, आधीच्या तीन पुरांचा इतिहास नाही. ते सगळं खरं असलं तरी त्यावर ते पाच जण त्या दिवशी काहीच करू शकत नाहीत. एक मागणी, आणि ती अशी की पुढच्या वेळी ती झाली की नाही हे कुणालाही सांगता यावं. आपल्या मराठी माणसाला प्रस्तावना फार लागते, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात चालून जाते, इथे घंटा वाजते.

सबडिव्हिजनमधून चार-पाच जण जाणार असाल तर सगळ्यांनी एकच रडगाणं गाऊ नका. एकाने पाण्याची रेघ आणि घरांचा आकडा, दुसऱ्याने शाळेची बस किंवा अँब्युलन्स आत येऊ शकली नाही ते, तिसऱ्याने मागणी. आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या सह्यांचं पत्र, पत्त्यांसकट, क्लार्ककडे द्या. महाराष्ट्र मंडळाच्या नावाने पत्र न्यायचं का यावर वाद होतो नेहमी. मला विचाराल तर नाही, कारण मंडळ अख्ख्या ह्यूस्टनचं असतं आणि कमिशनरला फक्त त्याच्या प्रिसिंक्टचे पत्ते मोजायचे असतात. गुजराती, तेलुगू, मेक्सिकन शेजारी धरून सबडिव्हिजनचं पत्र करा.

प्रत्यक्ष त्या दिवशी

मीटिंग डाउनटाऊनला १००१ प्रेस्टनला असते. गाडीने गेलात तर पार्किंगचे पैसे आणि चिडचिड, त्यापेक्षा केटीकडून किंग्जलँड किंवा अ‍ॅडिक्सच्या पार्क अँड राईडची बस बरी. अर्ध्या दिवसाची नाही, पूर्ण दिवसाची सुट्टी काढा, कारण या मीटिंगा लांबतात, कधी मध्येच बंद दाराआड बैठक होते, आणि तुमचा नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. डबा, चार्जर आणि भाषणाच्या छापील प्रती न्या, एक क्लार्कला द्यायला. मोबाईलवरून वाचू नका, अंगठा घसरतो आणि तेवढ्यात वेळ संपते. बाकी काही विशेष नाही.

लेखी कॉमेंटची ताकद

डाउनटाऊनला जाणं जमणारच नसेल तर निदान हे करा. मोठी आपत्ती झाली की केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडून, म्हणजे हडकडून, सीडीबीजी-डीआर नावाचा निधी येतो, एक-दोन वर्षांनी येतो पण मोठा येतो. तो कसा खर्च करणार याचा आराखडा जाहीर करून लोकांना किमान ३० दिवस मत द्यायला वेळ द्यावा लागतो आणि आलेल्या प्रत्येक मताला लेखी उत्तर आराखड्यात जोडावं लागतं. म्हणजे तुमचा दोन परिच्छेदांचा ईमेल सरकारी दस्तावेजात जातो आणि त्याला उत्तर येतं.

उपयोग होतो का? मे २०२४ च्या वादळासाठी आणि बेरिलसाठी ह्यूस्टन शहराला सुमारे ३१ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. शहराच्या २०२५ च्या पहिल्या आराखड्यात घरांच्या दुरुस्तीसाठी काहीच नव्हतं, जनरेटर वगैरेवर भर होता. लोकांनी सुनावण्यांत आणि लेखी आरडाओरडा केला, सुधारित आराखड्यात घरांसाठी ५ कोटी आले. लोक म्हणत होते त्या मानाने कमीच, पण शून्यावरून ५ कोटी.

त्याआधीचं उदाहरण राज्याचं. मे २०२१ मध्ये टेक्ससच्या जनरल लँड ऑफिसने हार्वेनंतरच्या पूरप्रतिबंधाचे सुमारे एक अब्ज डॉलर वाटले त्यात ह्यूस्टन शहराला आणि हॅरिस काउंटीला एक डॉलरही नव्हता. दोन्ही पक्षांचे नेते आणि लोक तुटून पडले, काही दिवसांतच लँड ऑफिसने काउंटीला थेट ७५ कोटी देण्याचा प्रस्ताव मांडला, आणि पुढे २०२२ मध्ये हडने ती मूळची वाटपाची पद्धतच भेदभावाची ठरवली. यातून मला एवढंच दाखवायचंय की कॉमेंट कुठल्या पातळीवर पाठवायची ते बघा, काउंटी कोर्टात कितीही बोललात तरी तो पैसा ऑस्टिनमधून अडला होता.

कॉमेंट लिहिताना आराखड्याचा पान नंबर लिहा, कुठल्या योजनेतून किती काढून कुठे टाकावं ते लिहा. भाडेकरू असाल तर तेही आवर्जून लिहा, कारण आपल्यातले नव्याने आलेले बरेच जण अपार्टमेंटमध्ये असतात आणि या आराखड्यांत घरमालकांचाच आवाज जास्त असतो.

नंतरचा पाठपुरावा, ज्याच्याशिवाय सगळं पाण्यात

मीटिंगनंतर त्याच आठवड्यात ईमेल: तुम्ही अमुक तारखेला अमुक म्हणालात, रेकॉर्डिंगमध्ये अमुक वेळेला आहे, पुढचं काय. रेकॉर्डिंग साईटवर राहतं, त्यातली मिनिटं-सेकंद लिहिली की समोरच्याला विसरलो म्हणता येत नाही. ईमेल कमिशनरच्या स्टाफमधल्या एका ठराविक माणसाला, आणि सीसी फ्लड कंट्रोलला.

उत्तर गोलमोल आलं तर पब्लिक इन्फर्मेशन कायदा वापरा, आपल्या माहिती अधिकाराचा इथला भाऊ, फी बहुधा नाही किंवा कॉपीपुरती. "सगळी माहिती द्या" असं मागू नका, नाहीतर मोठा अंदाजपत्रकी खर्च लावून पत्र येतं. मागा ते असं: अमुक चॅनलच्या अमुक कामाचं वेळापत्रक, अमुक तारखेपासूनची पाहणीची टिपणं. साधारण दहा कामकाजाच्या दिवसांत कागद द्यावे लागतात, किंवा कधी देणार ते कळवावं लागतं, किंवा द्यायचे नसतील तर ऑस्टिनच्या अ‍ॅटर्नी जनरलला विचारावं लागतं. नुसतं गप्प बसणं त्यांना चालत नाही.

आणि कॅलेंडरमध्ये हे टाकून ठेवा: काउंटीचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे बजेटच्या सुनावण्या ऑगस्ट-सप्टेंबरात. हा नेमका वादळांच्या हंगामाचा भरातला काळ आणि आपल्या गणपतीचाही. तुमच्या नाल्याच्या देखभालीला पैसे आहेत की नाहीत हे त्या आठवड्यांत ठरतं, डिसेंबरात जाऊन मागितलं तर "पुढच्या बजेटमध्ये बघू" हेच उत्तर येणार. त्यामुळे यंदा मंडळाच्या गणपतीची ड्युटी लावताना दोघातिघांना त्या सुनावणीच्या दिवशी मोकळं ठेवा, आणि शक्यतो जे शहराबाहेरच्या भागात राहतात त्यांना, म्हणजे ते स्वतःच्याच प्रिसिंक्टमधून बोलतील.